वीस इंच, तिरके

रविवार, १७ नोव्हेंबर १९८५

आज पुन्हा खुर्ची गेली.

दर रविवारी सकाळी साडेआठला माझी वेताची खुर्ची शेजारी बाबूरावांकडे जाते. दुपारी परत येते तेव्हा तिच्यावर शेंगांची टरफलं असतात आणि कुणाच्या तरी ओल्या चड्डीचा गोल ठसा. माणसाला आठवड्यात एक सुट्टी, आणि त्या सुट्टीत त्याने बसायचं कुठे? पलंगावर बसलं की आजारी वाटतं. स्टुलावर बसलं की न्हाव्याकडे आल्यासारखं. शेवटी उंबऱ्यावर बसून पेपर उघडला, तर गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, भिया, चाबी गुम गई क्या? तिघांना नाही म्हटलं. चौथ्याला हो म्हणालो. तो किल्लीवाल्याला घेऊन आला.

खुर्चीबरोबर मंगलाही जाते. बाबूरावांनी दसऱ्याला टीव्ही घेतला — चौदा इंची, काळा-पांढरा — तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांच्या बैठकीत असते. आमच्या सौभाग्यवती अगदी पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर. मागच्या पोरांना तिच्या अंबाड्याचाच कार्यक्रम दिसतो. आज बाबूराव भिंतीवरून डोकावले. "दौलतराव, वहिनींना जरा मागे सरकायला सांगा हो. पोरं मला बोलतात."

सांगा म्हणे. गेले तीन आठवडे मी तिला काय काय सांगतोय. ती "हं" म्हणते आणि कामाला लागते.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय.

शरदोत्सवात माझं भाषण झालं. आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये, दोनशे माणसांसमोर. विषय — "आमची ही ऐकत नाही". बीज तिचंच. श्रावणात एकदा जेवताना म्हणाली होती, "मला हल्ली तुमचं ऐकू येत नाही हो." असा टोला की मी हातातला घास खाली ठेवला, खूप हसलो, आणि उष्ट्या हातानेच पंचांगाच्या मागे लिहून घेतला. त्या एका वाक्यावर वीस मिनिटं उभी केली. बायको नवऱ्याचं ऐकत नाही ही जुनी तक्रार, पण आमच्या हिने त्याला वैद्यकीय कारण दिलं — वगैरे. लोक खुर्च्यांवरून घसरले. ती दुसऱ्या रांगेत होती. तीही हसली, पण सगळ्यांच्या जरा मागून. ते मागून हसणं मला मंचावरूनही टोचलं.

घरी येऊन एक शब्द नाही. एरवी माझं भाषण झालं की रस्त्यातच पंचनामा सुरू व्हायचा — हा विनोद शिळा, तो लांबला, त्या टाळ्या चहा आला म्हणून होत्या. तेवीस वर्षं असं चाललंय. यंदा काही नाही. त्या दिवसापासून मी काहीही बोललो, चिमटा काढला, मुद्दाम चुकीचं बोललो, तरी उत्तर नाही.

दुखावली आहे. दुखावणारच. माफी मागावी, तर ते मला येत नाही. मी तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडतो.

आणि एक खरं, फक्त इथे. लोक मला तिखट म्हणतात, ते निम्मं तिखट तिचं आहे. ती उलट बोलते म्हणून मला सुचतं. तिने बोलणं सोडलं तर मी सिंचाई विभागातला एक बडबडा हेडक्लार्क, बस्स.

बुधवार, २० नोव्हेंबर

जेवताना मीठ मागितलं. तिने पीठ आणून ठेवलं. वाटीभर, पानाशेजारी, चेहऱ्यावर रेघ नाही.

अळणी आमटी प्यायलो. अपमान उच्च दर्जाचा होता, हे कबूल केलं पाहिजे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज बोलली! चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "आपण टीव्ही घेऊ. मोठा."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी समाजाच्या अंकात मी टीव्ही घेणाऱ्यांची यथेच्छ हजेरी घेतली होती. तो अंक कुणाकुणाच्या घरी असेल ते आठवतोय.

मोठा म्हणजे केवढा, विचारलं. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा हातांनी पेटी करून दाखवली तेव्हा म्हणाली, "माणसाच्या तोंडाएवढं तोंड दिसेल असा."

घेऊ. ती म्हणेल तेवढा घेऊ. प्रॉव्हिडंट फंड म्हातारपणासाठी असतो, आणि ह्या महिन्यात मी पुरेसा म्हातारा झालोय.

रविवार, २४ नोव्हेंबर

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडे पारखायचे. दात बघून वय सांगायचे. त्यांचा वंशज आज बैठकीत जमिनीवर बसून कात्रीने जुने पेपर कापत होता.

दफ्तरातल्या श्रीपादने सांगितलं, मोठा म्हणजे वीस इंची. म्हणून वीस इंच रुंद, वीस इंच उंच चौकोन कापला आणि समोरच्या भिंतीला खळीने चिकटवला. समोर बसलो. भलताच मोठा वाटला. देवांचा फोटो हलवावा लागेल, कोनाड्यातला फ्लॉवरपॉट जाईल, दार उघडलं की दाराचा कोपरा पडद्याला लागेल. दार उलट्या बाजूला बसवायचं का, ह्यावर तासभर विचार केला. सुताराशीही बोलून आलो.

मंगला आली, चौकोनाकडे बघितलं, त्यावरची बातमी वाचली आणि गेली.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दफ्तरातून परस्पर राजवाड्यामागच्या दुकानात गेलो. एकटाच. म्हटलं, तिला नेण्याआधी थोडी अक्कल घेऊन ठेवावी.

शेठ गोड बोलणारा. मी रुबाबात खिशातला कागद काढला आणि वीस बाय वीसचा दाखवा म्हणालो. त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून, जसं एखाद्याला पायजम्याची नाडी लोंबतेय सांगावं, तसं सांगितलं — "साहब, टीवी आडा-खड़ा नहीं नापते. तिरछा नापते हैं. इस कोने से उस कोने."

तिरकं! उभ्या आयुष्यात माझ्या बोलण्याला लोक हाच शब्द लावत आले, आणि टीव्ही तसा मोजतात हे मला माहीत नाही. म्हणजे रुंदी फक्त सोळा इंच. सुताराला नको म्हणून सांगावं लागेल.

मग अर्धा तास शाळा भरली. शटरवाला, म्हणजे पडद्यापुढे सरकतं दार असलेला, की बिनशटरचा. रंगीत की साधा. स्टॅबिलायझर घ्यावाच लागतो, नाहीतर लाईट कमी-जास्त झाली की आत काहीतरी उडतं. बूस्टर घ्यावा, नाहीतर पडद्यावर मुंग्या येतात. मी सगळ्याला हो-हो करत होतो. तेवढ्यात देपालपूरचा एक धान्याचा व्यापारी आला, पागोटं सारखं केलं, विचारलं — "सबसे मोटो कूण-सो है?" शेठने बोट दाखवलं. "बांध दो." पाच मिनिटांत गाडीत घालून गेलासुद्धा. मी अजून शटरवर होतो.

असं जगता आलं पाहिजे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मंगलाला नेलं. टेम्पोतून उतरल्यापासून दुकानापर्यंत मी बोलत होतो — तिरक्या मापाचा किस्सा, वर थोडं मीठ-मसाला लावून. हा किस्सा तिला आवडायला हवा होता, त्यात मी गाढव ठरतो. ती रस्ता ओलांडायच्या नादात होती. एकदा फक्त माझी बाही धरून मागे ओढली, कारण मागून ऑटो येत होता आणि तो मला दिसला नव्हता. भोंगा वाजला की नाही आठवत नाही.

दुकानात सहा टीव्ही ओळीने चालू. सहाही पडद्यांवर तीच निवेदिका, लहान-मोठी, करडी आणि रंगीत. शेठने मोठ्या सेटचा आवाज वाढवला. दोन स्पीकर आहेत भाभीजी, सिनेमा हॉल जैसा! माझे कान दुखले. मंगला म्हणाली, "आवाजाचं राहू द्या." आणि ओळीने एकेका टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. प्रत्येकासमोर दोन-दोन मिनिटं. हातभर अंतरावरून, मग चार पावलं मागे, मग भिंतीला टेकून. मी तिला बघायला गेलो होतो, तेव्हा इतक्या काळजीने तिने मलाही बघितलं नव्हतं.

शेवटी रंगीत वीस इंचीवर हात ठेवला. "हा. ह्याच्यात ओठ दिसतात."

काळ्या-पांढऱ्याच्या दुपटीहून जास्त किंमत. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, लिपस्टिकचा रंग कळावा म्हणून एवढे पैसे मोजणारी तू इंदूरमधली पहिली बाई. उत्तर नाही. वाट बघितली — सराफ्याच्या तोंडापर्यंत. नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

शारदावहिनी — बाबूरावांच्या सौभाग्यवती — तासभर येऊन बसल्या. ह्या बाई पूर्वी बऱ्या बोलायच्या. हल्ली आमच्या घरात आल्या की अशा ओरडतात की जुन्या इंदूरमधल्या प्रत्येक घराला आमच्याकडे आज कोणती भाजी आहे ते कळतं. मंगला मात्र त्यांच्याशी बोलते. त्यांच्याशी हसतेही.

माझ्याशीच आहे, म्हणजे.

शनिवार, ७ डिसेंबर

टीव्ही आला.

अँटेना बसवायला हरी मिस्त्री आले. साठीचे असतील, गच्चीवर माकडासारखे चढले. ह्या कामाची पद्धत अशी: मिस्त्री वर अँटेना फिरवतो, घरातला माणूस खाली टीव्हीसमोर बसतो आणि चित्र आलं की "आलं" म्हणून ओरडतो. मधला निरोप्या जिन्यात. जिन्यात मी, टीव्हीसमोर मंगला.

"आया क्या?" वरून हरी. "आलं का?" खाली मी. काही नाही. "अब?" — "आता?" काही नाही. अँटेना खंडव्याकडे, महूकडे, देवासकडे फिरला. हरी म्हणाले, साहब, टावर तो उधर ही है, जाएगा कहाँ. अर्धा तास. मी सोळा वेळा हाक मारली, मोजून. गल्लीतली चार माणसं आपापल्या दारातून "अजून नाही का?" विचारायला लागली.

शेवटी तणतणत खाली आलो. चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की निवेदिकेच्या कुड्यांतले मोती मोजावेत. आणि मंगला समोर बसून शांतपणे बघत होती. मला बघून हसली, "छान आलंय हो," म्हणाली.

मी वर जाऊन हरीला पैसे दिले आणि गच्चीतच उभा राहिलो थोडा वेळ. शेवटी आलेल्या चित्रावर एक "आलं" सुद्धा मिळू नये, असं मी काय केलंय? केलंय, माहीत आहे. पण माणसाला शिक्षेची मुदत तरी सांगतात.

रविवार, ८ डिसेंबर

बैठकीत एकवीस माणसं. त्यातली नऊ मला ओळखीची.

मंगळवार, १० डिसेंबर

डोकं दुखत होतं. टीव्हीचा आवाज मीच शेवटपर्यंत कमी केला आणि आडवा झालो. उठलो तेव्हा ती तशीच बघत बसलेली. मला झोप लागावी म्हणून आवाज लावला नसेल. इतक्या दिवसांनी एवढी काळजी! बरं वाटलं.

बुधवार, ११ डिसेंबर



दफ्तरातून उशीर झाला. आलो तेव्हा बातम्या चालू होत्या, मंगला समोर. आवाज नव्हता. मला वाटलं, सेट बिघडला. पाच दिवसांत! मनात शेठसाठी चार वाक्यं जुळवत पुढे गेलो, बाजूने हात घालून आवाजाचं बटण फिरवलं. कालपासून ते शून्यावरच होतं. माझ्या हातून जरा जास्त फिरलं, आणि बातम्या भिंतीला धडकल्या. बाबूरावांच्या अंगणातली गाय उठून उभी राहिली.

मंगलाची पापणी हलली नाही.

"सरका ना," ती म्हणाली, "दिसत नाहीये."

मी आवाज पुन्हा शून्यावर आणला. ती बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्यापासून थंडी वाढणार म्हणे." मी बटण फिरवलं. निवेदिका उत्तरेकडच्या शीतलहरीबद्दलच सांगत होती.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. हाक मारली. पुन्हा मारली. मग, मला माहीत नाही का, मी तिच्या अंबाड्याकडे बघत म्हणालो, "मंगला, माझं चुकलं." तेवीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ, काही न जोडता. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणताना तिला पडद्याच्या काचेत माझी सावली दिसली असावी. तिने वळून बघितलं.

"काय म्हणताय?"

मी काहीतरी बोललो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी दुकानात बघत होती तशी. मग मान हलवली. "नाही कळत हो. तुमच्या मिशाच हलतात. ओठ दिसतच नाहीत. त्या बाईंचं सगळं कळतं. बाबूरावांचं कळतं. शारदा तर ओरडतेच बिचारी, त्याने थोडं पोचतं. तुमचं काही कळत नाही."

कधीपासून, विचारलं. हे कळलं तिला.

"उन्हाळ्यापासून कमी होत होतं. दिवाळीआधी फारच झालं. शारदाबरोबर दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले. नस सुकतेय म्हणाले. मशीन लावून फार फरक नाही पडायचा."

मग मला का नाही सांगितलंस? हे मी बोललो नाही, तोंडावर असेल कुठेतरी. ती हसली थोडी.

"सांगितलं होतं की. श्रावणात, जेवताना. तुम्ही हसलात. आणि लिहून घेतलंत."

बातम्या संपून दुसरंच काहीतरी लागलं होतं, कुणीतरी नाचत होतं, आवाज नसलेलं.

मग तिने विचारलं. "त्या दिवशी तुम्ही काय बोललात हो, हॉलमध्ये? सगळे इतके हसले. मी आपली बाजूच्या बायकांकडे बघून हसत होते. घरी येताना तुमचं तोंड अंधारात, काही दिसेना. शारदाला विचारलं तर म्हणाली, काही नाही, असंच. सांगाल का मला? सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही."

मी बोटाने खुणावलं — उद्या.

गुरुवार, १२ डिसेंबर

रजा टाकली. सकाळी नळावर मिशी काढली. बावीस वर्षांचा असल्यापासूनची होती. आरशात माझ्या विधवा आत्येसारखा दिसतो.

बैठकीत खिडकीकडे तोंड करून बसलो, तिला समोर बसवलं, आणि कबूल केलं होतं ते अख्खं भाषण म्हटलं. हळू, एकेक शब्द ओठांनी नीट घडवून, एकही वाक्य न गाळता. ती माझ्या तोंडावरून नजर न हलवता बघत होती. एकदाही हसली नाही.

"आणि मी हसले होते ना तेव्हा?"

हो म्हणालो.

तिने उठून टीव्ही बंद केला, परत येऊन समोर बसली, आणि म्हणाली, "आता दुसरं काहीतरी सांगा."